धुतल्यावर काय उरतं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘परिसरातल्या वनस्पती : हस्तकला आणि आरोग्य’. त्यातलं आरोग्य मी शेवटी घेणार आहे. तोवर अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये.

आधी माझं एक गाऱ्हाणं. हल्ली कापड रंगवण्याच्या कार्यशाळेला जावं तर टेबलावर पुड्या मांडलेल्या. पिवळी पुडी, तपकिरी पुडी, शेजारी पांढरा रुमाल आणि छापील सूचना. रुमाल बुडवा, काढा, फोटो, टाळ्या. झाड कुठाय म्हणून विचारलं, तर आयोजक कोपऱ्यातल्या मनीप्लँटकडे बघतात.

अशाच एका ठिकाणी, नाव सांगत नाही कारण चहा चांगला होता, आम्हाला हळदीत रुमाल रंगवायला शिकवलं. ‘नैसर्गिक आणि एकदम पक्का रंग!’ हळद आयोजकांची लाडकी, कारण सुती कापडाला तुरटीबिरटी काही न लावताही ती लगेच चढते. माझ्या शेजारच्या काकूंनी हौसेने तिथल्याच बेसिनवर रुमालाला साबण लावला, आणि रुमाल लाल! काकू घाबरल्या, आधी स्वतःची बोटं तपासली. शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘तुमचा साबण खराब असेल.’ साबण त्यांचाच होता, मंडळी!

हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, साबणासारख्या अल्कलीत लालसर होतं आणि आंबट लागलं की परत पिवळं. चहाच्या टेबलावर लिंबाच्या फोडी होत्या. एक पिळली. रुमालावर पिवळे ठिपके उमटले तसा सगळा घोळका तिकडे धावला. कुणी पुन्हा साबण लावतंय, कुणी लिंबू मागतंय. त्या दिवशी खरं शिकणं काय झालं असेल तर तेवढंच. आणि बाई म्हणाल्या, ‘चला, वेळ संपली, रुमाल पिशवीत भरा.’ तो पक्का रंग पुढे उन्हात विटणार, हे अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, की कार्यशाळा धुण्यापर्यंत चालली पाहिजे. एकच कापड, अर्धं खिडकीच्या उन्हात, अर्धं फडताळात. आठवड्याने माणसं परत यावीत आणि काय उरलं ते बघावं.

आता टिकणारा रंग टिकतो कसा? लोकर आणि रेशीम ही प्रथिनं, ती रंग पटकन धरतात. सुताचं तसं नाही. त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग तुरटीत. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, धाग्याला बिलगतं, तुरटीतलं अॅल्युमिनियम त्याला धरतं आणि रंग अॅल्युमिनियमला. मंजिष्ठा या वेलीच्या मुळातला लाल असाच बसतो. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं सुती कापड सापडलं, त्याचा रंग मंजिष्ठेच्या जातकुळीतला होता. चार हजार वर्षांची धुलाई म्हणा की!

हिरड्याची गंमत घरी करून बघा. त्या पाण्यातून काढलेलं कापड मळकट पिवळं दिसतं. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून त्याचा एक थेंब कापडावर सोडा. थेंब पसरतो तसतसा काळा पडत जातो, आणि कडेला राखाडी झालर उरते. जुनी काळी शाईही याच तत्त्वावर व्हायची. नीळ तर नाटकीच. कुंडातून कापड निघतं हिरवट पिवळं, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि निळीचं झुडूप आपल्या नजरेतून गेलं. त्यावर मी तासभर बोलू शकतो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आरोग्य.

भराभर सांगतो. झाड उभं असताना, पानाफुलांसकट ओळखा, पुडीत नव्हे. शंखपुष्पी म्हणून तीन-चार निरनिराळ्या वनस्पती दाखवल्या जातात. विचारा, यांतली कुठली?

बिब्बा. धोबी त्याने कपड्यांवर खुणा करायचे, धुतलं तरी जात नसत, म्हणून कलाकारांना मोह होतो. तो काजूच्या कुळातला, त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. नवख्या हातात देऊ नका.

गुंज. दिसायला देखणी, माळेत ओवावीशी वाटते. अख्ख्या बीचं कवच टणक असतं, पण भोक पाडलं की आतल्या ॲब्रिन या जहाल विषाला वाट मिळते. लहान मुलांच्या गटात तर नकोच.

लेप, तेल, उटणं जे काही कराल, त्याचा थेंब आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि चोवीस तास थांबा. आरोग्याच्या कार्यशाळेतलं धुणं ते हेच. पोटात घ्यायचं कार्यशाळेत काहीही वाटू नका, तिथे वैद्य लागतो. आणि मंजिष्ठेचं मूळ उपटलं की वेल गेली, तेव्हा गळलेली फुलं आणि डाळिंबाच्या सालींवर आधी हात बसवा.

झालं, झालं, थांबतो. नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर आहे. कार्यशाळा दोन रविवारांची आहे. फक्त पहिल्या रविवारसाठी कुणाचं नाव घेतलं जाणार नाही.