आधी कापड उलटं करा

नमस्कार. मघाशी चहा घेताना एका ताईंनी विचारलं, "दादा, भरतकामाचं मशीन सारखा दोरा तोडतंय, टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, किती ठेवू?" मला येणारे बरेचसे फोन याचेच असतात. आणि फोन येईपर्यंत वरच्या दोऱ्याचा ताण बदलायची चकती दहा वेळा फिरवून झालेली असते.

चकतीला हात लावायच्या आधी कापड उलटं करा. रद्दी कापडावर जाड सॅटिन टाक्याची एक उभी पट्टी भरा आणि पाठ बघा. मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग, असं दिसलं की टेन्शन ठीक. पांढरा दिसतच नसेल तर वरचा दोरा ढिला आहे, नाहीतर बॉबिनचा घट्ट. पांढरा पुढच्या बाजूला डोकावत असेल तर बरोबर उलट.

चूक वरच्या दोऱ्याची की खालच्या, हे बॉबिन ज्यात बसते ती डबी सांगते. बॉबिनसकट बाहेर काढा, दोरा धरून लटकवा आणि मनगटाला हलका झटका द्या. दोन-तीन बोटं सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली गेली तर ढिली, जागची हललीच नाही तर घट्ट.

मी दुरुस्तीच्या कामात नवा असताना एका दुकानात याच डबीनं माझी लाज काढली होती. दुसऱ्या दिवशी लग्न, नवरीचा ब्लाउज फ्रेमवर, आणि मी सकाळपासून डबीचा स्क्रू कसतोय, सैल करतोय. एकदा नीट भरतं, पुन्हा पांढरा वर. दुपारी डबी उजेडात धरली तेव्हा कळलं, दोरा दाबून धरणाऱ्या डबीवरच्या पातळ पट्टीखाली कापसाचा बारीक तंतू अडकलाय. पट्टी बसतच नव्हती, मग टेन्शन कुठून टिकणार? टेबलावर लग्नपत्रिका पडली होती. तिचा कोपरा कापला, पट्टीखालून ओढला, तंतू बाहेर. अर्ध्या मिनिटाचं काम. मजुरी मागायची हिंमत झाली नाही.

हा कचरा तोंडानं फुंकू नका. फुंकरीतला ओलावा लोखंडाला लागतो आणि कचरा आणखी आत जाऊन बसतो. ब्रश घ्या. बॉबिन बदलताना दोन हात फिरवले तरी पुरे.

आता तेल. सुईच्या दोऱ्याचा फासा पकडणारा खालचा फिरता भाग म्हणजे हुक. एका टाक्याला हुक दोन फेरे घेतो. 800 स्पीडला, म्हणजे मिनिटाला 800 टाके पडताना, मिनिटाला 1600 फेरे, तासाला 96 हजार. धातूवर धातू घासतोय आणि मध्ये फक्त तेलाचा पातळ थर. म्हणून मी चार-पाच तास मशीन चाललं की हुकच्या कडेला एक थेंब टाकतो. एकच! जास्त झालं की ते कापडावर उडतं, म्हणून तेलानंतर आधी रद्दी कापडावर चालवा. तेल शिलाई मशीनचं, पातळ, पांढरं. खोबरेल घालणारे मी पाहिलेत. आपल्याकडच्या थंडीत बरणीतलं खोबरेल जसं थिजतं, तसंच ते हुकमध्येही थिजतं. काही घरगुती मशीनना मात्र तेल घालायचंच नसतं, तेवढी पुस्तिका बघून घ्या.

आणि सुई. घरगुती सुईच्या दांड्याला एक बाजू चपटी असते, ती चुकीची बसतच नाही. मोठ्या मशीनची सुई गोल, ती कशीही बसते, तिथंच घोटाळा. लांब खाच तुमच्याकडे, नाक्याजवळचा खोलगट भाग मागे, हुककडे. थोडी जरी वळली तरी हुकचं टोक दोऱ्याचा फासा चुकवतं आणि टाका सुटतो. टोक बोथट झालं की नखावर हळूच ओढून बघा, ओरखडा उठतो. अशी सुई वाचवून दहा-वीस रुपये राहतात, ब्लाउज जातो. जरीला मोठ्या नाक्याची सुई घ्या आणि स्पीड उतरवा.

एवढं सगळं करूनही टाका सुटत असेल, तर टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकची जुळणी, बिघडलंय. ते घरी उघडू नका, मिस्त्रीला बोलवा.

ज्यांनी डब्या आणल्यात त्यांनी पुढे या. स्क्रू नंतर, आधी झटका देऊन बघू.