पायऱ्या उतरणारी बाई : आस्टा नील्सन

(दृश्य : 'आफग्रुंडेन' या मूकपटाचा शेवट. संगीत नाही, फक्त प्रोजेक्टरची घरघर.)

पोलीस तिला घेऊन बाहेर येतात. थोड्याच वेळापूर्वी तिच्या हातून एक माणूस मेलाय. त्या काळच्या पडद्यावर अशा वेळी बाई काय करायची? ऊर बडवायची, हात आभाळाकडे न्यायची, मागे कोसळायची. ही बाई तसलं काही करत नाही. पायऱ्या उतरते. डोळे उघडे आहेत, पण कुठेच बघत नाहीत. झोपेत चालणाऱ्या माणसासारखी ती एकेक पाऊल टाकते आणि आपल्यासमोरून निघून जाते.

साल १९१०. शहर कोपनहेगन. हा तिचा पहिलाच चित्रपट.

आस्टा नील्सन. जन्म ११ सप्टेंबर १८८१, कोपनहेगनच्या व्हेस्टरब्रो या कामगारवस्तीत. वडील लोहारकाम करायचे, पण काम टिकायचं नाही. आई लोकांचे कपडे धुवायची. पोटापाण्यासाठी हे कुटुंब काही वर्षं समुद्रापलीकडे स्वीडनच्या माल्मोलाही राहून आलं. आस्टा चौदा वर्षांची असताना वडील गेले.

अशा घरातली मुलगी अठराव्या वर्षी डेन्मार्कच्या रॉयल थिएटरच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळवते, हेच मुळात नवल. त्यात १९०१ साली तिला मुलगी झाली, येस्टा. लग्न झालेलं नव्हतं. बाप कोण, हे आस्टाने कधीच सांगितलं नाही. मूल सांभाळलं, शिक्षण पुरं केलं आणि रंगभूमीवर उभी राहिली.

पण रंगभूमीला तिचं काय करावं ते उमगेना. आवाज खालच्या पट्टीतला, जाडसर. अंगकाठी सडपातळ, चेहरा हाडकुळा, डोळे मात्र केवढे तरी मोठे. नाजूक नायिकेच्या साच्यात ती बसत नव्हती. तिशी जवळ आली तरी हाती येत होत्या त्या किरकोळ भूमिकाच.

नाटक कंपनीत ऊर्बन गाड नावाचा एक नेपथ्यकार होता. दोघांनी ठरवलं, आपण एक सिनेमा काढू. सिनेमात नाव कमवावं असा हेतू नव्हता बरं का! सिनेमा तेव्हा जत्रेतला खेळ समजला जायचा. नाटकवाल्यांनी पडद्यावर आस्टाला बघावं आणि मग चांगली भूमिका द्यावी, एवढाच साधा डाव होता. कोस्मोरामा या चित्रपटगृहाच्या चालकाने आठ हजार क्रोनर दिले. आठ दिवसांत चित्रीकरण उरकलं. गाडनेच लिहिलं, गाडनेच दिग्दर्शन केलं.

'आफग्रुंडेन' म्हणजे खोल दरी.

(दृश्य : कोपनहेगनची ट्राम, खरा रस्ता, खरी माणसं.)

कथा तशी साधी. माग्दा ही पियानो शिकवणारी तरुणी. ट्राममध्ये तिची एका पाद्र्याच्या मुलाशी ओळख होते. तो तिला आपल्या आईवडिलांकडे गावी नेतो. तिथे सर्कस येते, सर्कशीतल्या एका घोडेस्वारावर तिचा जीव जडतो आणि रातोरात ती त्याच्याबरोबर पळून जाते. पुढे घसरण. म्हणून दरी.

ज्या प्रसंगाने खळबळ उडाली, तो मात्र नीट बघायला हवा.

(दृश्य : रंगमंचावरचा गाउचो नाच, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गुराख्यांच्या धाटणीचा.)

अंगाला घट्ट बसलेला काळा पोशाख. ती दोराचा फास टाकून त्या पुरुषाला बांधते. तो हलू शकत नाही. मग ती त्याच्याभोवती फिरते, पाठीने त्याच्या अंगाला घासते, कंबर डोलावते. कॅमेरा एका जागी खिळलेला, मधे तुकडा पाडलेला नाही. प्रेक्षकाला नजर वळवायला जागाच ठेवलेली नाही. अनेक ठिकाणी सेन्सॉरने हा तुकडा कापला. मला विचाराल तर त्यातला उघड शृंगार आज तितकासा धक्का देत नाही. धक्का देतो तो तिचा शांतपणा. बांधणारी ती आहे आणि घाई तिला अजिबात नाही.

१२ सप्टेंबर १९१० रोजी कोस्मोरामात पहिला खेळ झाला. आदल्या दिवशीच आस्टाला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली होती. सिनेमा तुफान चालला. चांगली भूमिका घेऊन नाटकवाले काही आले नाहीत. आले ते जर्मन.

इथून पुढचा तिचा बहुतेक सगळा प्रवास जर्मनीतला. सत्तरहून अधिक चित्रपट तिने केले, पण मायदेशात फक्त चार! १९११ मध्ये निर्माता पाउल डाव्हिडसोनशी करार झाला आणि धंद्याची रीतच बदलली. तोवर सिनेमाची फीत कापडासारखी मीटरवर विकली जायची. घ्या आणि हवे तितके दिवस दाखवा. आता चित्रपटगृहाच्या मालकाला आस्टाच्या चित्रपटांची मालिका हंगामासाठी आगाऊ घ्यावी लागे. म्हणजे चित्रपट तयार व्हायच्या आधीच विकला गेलेला असे, आणि विकलं जात होतं ते एका बाईचं नाव. लोक नुसतं 'दी आस्टा' म्हणायचे, आडनावाची गरज उरली नव्हती.

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्गमध्ये काचेच्या भिंतींचा एक नवा स्टुडिओ सुरू झाला. काच अशासाठी, की चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चालायचं. पुढे जर्मन सिनेमाची राजधानी ठरलेल्या त्या जागेत पहिला चित्रपट झाला तो आस्टाचाच. त्याच वर्षी तिने गाडशी लग्न केलं. काही वर्षांत ते मोडलं.

ती फक्त शोकांतिकाच करायची, असा समज असेल तर 'एंगेलाइन' बघा. सतरा वर्षांची पोरगी बारा वर्षांची असल्याचं सोंग वठवते, असा तो मामला. आस्टा तेव्हा बत्तीस वर्षांची! वात्रटपणा इतका अस्सल, की वयाचा हिशेब विसरायला होतो.

(दृश्य : काळ्या पोशाखातला राजपुत्र. आखूड केस. मोठे डोळे.)

मग स्वतःची निर्मिती संस्था काढून तिने हात घातला शेक्सपियरच्या हॅम्लेटला. १९२१ साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटात डेन्मार्कच्या राजपुत्राची भूमिका डेन्मार्कच्याच अभिनेत्रीने केली. पण पुरुषाचं सोंग घेऊन नव्हे. इथे हॅम्लेट जन्मानेच मुलगी आहे. राजा युद्धात मेल्याची वार्ता येते, गादी हातची जाईल म्हणून राणी मुलगा झाल्याचं जाहीर करते, आणि राजा जिवंत परततो. आता खोटं निभावायलाच हवं. ही कल्पना एका अमेरिकन अभ्यासकाने पुस्तकातून मांडली होती आणि ते पुस्तकही १८८१ चं, आस्टाच्या जन्मसालचं. मित्र होरेशिओवर प्रेम आहे पण सांगता येत नाही, अशी ही हॅम्लेट. तिच्या मृत्यूनंतर होरेशिओचा हात तिच्या छातीवर पडतो आणि त्याला सत्य कळतं. या चित्रपटाची जुनी रंगीत छटांची फीत सापडल्यावर २००७ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो नव्याने दाखवला गेला.

१९२५ मध्ये दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्टच्या 'दी फ्रॉयडलोझं गासं' (आनंद हरवलेली गल्ली) या चित्रपटात, महागाईने पिचलेल्या व्हिएन्नात, खाटकाच्या दुकानापुढच्या रांगेत ती उभी आहे. त्याच चित्रपटात एक नवखी स्वीडिश मुलगी होती, ग्रेटा गार्बो. पुढे गार्बो जगभर गाजली आणि चित्रपटाच्या काही आवृत्त्यांतून आस्टाचंच कथानक छाटलं गेलं. कात्रीला इतिहासाची पर्वा नसते. पण पूर्ण आवृत्तीत खिडकीच्या काचेतून ती प्रियकराला दुसरीबरोबर बघते, तो क्षण पाहा. चेहऱ्यावरचं रक्त उतरत जातं आणि आपण ते बघत बसतो.

बोलपट तिने एकच केला, १९३२ साली. नंतर नाझी सत्तेवर आले. तिला आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न झाला, तिने नकार दिला आणि ती डेन्मार्कला परतली. मायदेशात सिनेमाचं काम जवळपास मिळालंच नाही. तिने दोन खंडांत आत्मचरित्र लिहिलं. मग हाती कात्री घेतली. रंगीत कापडांचे तुकडे कापून, जोडून ती चित्रं करू लागली.

१९६४ मध्ये मुलगी येस्टा गेली.

१९६८ साली आस्टावर एक लघुपट झाला. दिग्दर्शक, स्वतः आस्टा. तिचं दिग्दर्शन एवढंच. १९७० मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तिने क्रिस्टियान थीडे या चित्रविक्रेत्याशी लग्न केलं. मे १९७२ मध्ये ती गेली.

(दृश्य : पुन्हा त्याच पायऱ्या. फीत संपेपर्यंत तसंच राहू द्यावं.)