समुद्राचं प्लास्टिक नाल्यावरच अडवायचं

मंडळी, दाजीपूरच्या डोंगरमाथ्यावर पाऊस पडतो, तेव्हा पश्चिम उतारावरचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं. पूर्व उतारावरचं पाणी मात्र आपल्याकडे, कोल्हापूरकडे वळतं. राधानगरी धरणातून भोगावतीत, प्रयाग चिखलीला पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून हंसलदेवीजवळ बंगालच्या उपसागरात. समुद्र म्हटलं की आपल्याला मालवण आठवतं, गणपतीपुळे आठवतं. पण आपल्या गटारांचा समुद्र नदीच्या वाटेनं हजार किलोमीटरहून लांब, दुसऱ्याच किनाऱ्यावर आहे.

मग इथली पिशवी तिथवर पोचते का? सगळी पोचत नाही, हे आधी सांगून टाकतो. वाटेत अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं आहेत. बरंचसं प्लास्टिक गाळात आणि काठावरच्या झुडपांत अडकतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर ओसरल्यावर नदीकाठी काय दिसलं, ते तुम्हीही पाहिलंय. पाणी चढलं होतं तिथवर झाडांना पिशव्या लटकलेल्या, उसाच्या सऱ्यांत रुतलेल्या. पण अडकलं म्हणजे संपलं, असं होत नाही. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचा भुगा होतो, आणि तो भुगा पुढच्या पाण्याबरोबर निघतो. समुद्राच्या आधी ते आपल्या नदीला आणि शेताला भोगावं लागतं.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असं दिसलं, की नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के वाटा हजाराहून जास्त नद्यांचा मिळून आहे. आधीचा समज होता की चार-दोन महानद्याच दोषी. आता कळतंय की शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्याही तितक्याच महत्त्वाच्या. भर समुद्रात जहाजं नेऊन कचरा गोळा करणाऱ्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण सगळा भरवसा त्यावर ठेवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तेव्हा मुळाशी जाऊ. आपला जिल्हा दुधाचा. दुधाची पिशवी चांगल्या पॉलिथिनची असते, धुऊन वाळवून ठेवली तर भंगारवाला आनंदानं नेतो. पण आपण सकाळी कात्रीनं तिचा कोपरा कापतो. पिशवी भंगारात जाते, आणि तो बोटाच्या पेराएवढा कोपरा केरात, मोरीत, गटारात. तो कुणीही वेचत नाही, वेचणं शक्यच नाही. कोपरा तोडायचा नाही, नुसती चीर द्यायची, म्हणजे तो पिशवीलाच राहतो. तीच गत सुपारी-तंबाखूच्या माव्याची. पातळ प्लास्टिकचा चौकोन, त्यात मावा चोळायचा, खायचा आणि कागद टाकतात तसा तो रस्त्यावर टाकायचा. पानटपरीसमोरची गटार एकदा वाकून बघा.

मात्र सगळा भार घरातल्या बाईच्या कात्रीवर टाकायला माझी तयारी नाही. शाम्पूची पुडी, वेफर्सचं पाकीट यांत प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. घरी कितीही वर्गीकरण करा, त्या पुडीला पुढे वाटच नाही. ती तशी बनवायची, हे कारखान्यात ठरलं. २०१९ साली जगात सुमारे ३५ कोटी टन प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आहे, उत्पादकानं आपलं वेष्टन परत गोळा करावं हेही २०१६ पासून नियमांत आहे. पण जगाच्या पातळीवर उत्पादनालाच मर्यादा घालायची म्हटलं की तेल उत्पादक देश अडून बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक प्लास्टिक करारासाठीची जिनिव्हाची बोलणी कराराविनाच संपली. मला याचा राग येतो आणि तो तुम्हालाही यावा, असं वाटतं.

जिनिव्हा आपल्या हातात नाही, जयंती नाला आहे. दुधाळी नाला आहे. नदीला मिळण्याआधी त्यांवर जाळ्या हव्यात, आणि जाळीपेक्षाही ती रोज उपसणारी माणसं हवीत. पावसाळ्यात एक दिवस जाळी तुंबली तर पाणी वरून जातं, वस्तीत शिरतं, आणि मग लोकच ती कापून काढतात. नालेसफाईचा गाळ काठावरच राहिला तर पहिल्या वळवाला तो पुन्हा आत. कचरा वेचणाऱ्या बायकांना आज फक्त विकल्या जाणाऱ्या मालाचे पैसे मिळतात. न विकल्या जाणाऱ्या पुड्यांनाही वजनावर दर दिला, तर त्या नाल्यात पोचणारच नाहीत. हा दर वेष्टन बनवणाऱ्या कंपन्यांकडून वसूल व्हावा.

महापालिकेचं अंदाजपत्रक येईल तेव्हा आपापल्या नगरसेवकाला दोन गोष्टी विचारा : जाळी उपसणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद किती, आणि त्यांच्या हातमोजे-गमबुटांची किती.