फोटोच्या कडेला उभा असलेला माणूस

नमस्कार श्रोतेहो.

आज जुन्या फोटोंबद्दल बोलणार आहे. लग्नातले किंवा बारशातले नव्हेत. आपल्या नागपूर-कामठीच्या बराकींचे, पोलीस लाईनींचे, पलटणींचे फोटो, आणि त्या बराकींच्या आसऱ्यानं जे गाव वसलं त्याचे फोटो. मधेच दाराशी कोणी आलं आणि तुम्हाला उठावं लागलं तर राहून जायला नको, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. घरात असा एखादा फोटो असेल, तर तो भिंतीवरून काढा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ घेऊन बसा, त्यात कोण कोण आहे ते विचारा, आणि फोटोच्या मागे नावं लिहून ठेवा. पेन्सिलीनं लिहा. मऊ पेन्सिलीनं. बॉलपेननं नको, त्याचा दाब पुढे उमटतो.

आता नागपूरच पाहा. गावाच्या मधोमध सीताबर्डीचा किल्ला, ईशान्येला कामठी, वायव्येला टाकळी. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज भिडली. आज दिसतो तो किल्ला त्या लढाईनंतरचा. शाळेत आम्हाला ही लढाई एका ओळीत शिकवली. पानिपतावर पानंच्या पानं, आणि आपल्या गावात झालेल्या लढाईला एक ओळ! निदान विदर्भातल्या मुलांना तरी ती टेकडीवर नेऊन शिकवली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. असो. 1821 मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. तिथे मद्रासी पलटणी आल्या, त्यांच्याबरोबर तमिळ-तेलुगू बोलणारी घरं आली, आणि ती घरं कामठीचीच झाली. टाकळीला कंपनीचं अनियमित घोडदळ होतं, म्हणजे नेहमीच्या पलटणींबाहेरचं. जून 1857 मध्ये त्यांनी उठावाचा बेत केला, तो फसला, माणसं फासावर गेली. त्याच टाकळीच्या नावानं आज पोलीस लाईन ओळखली जाते. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, त्याच वर्षी पोलिसांचा कायदा आला, आणि लाईनी वाढत गेल्या.

बराकींच्या जुन्या फोटोंमध्ये एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. जाड भिंती, उंच छत, उंच जोतं, दोन्ही बाजूंनी व्हरांडा. हे सगळं हौसेपोटी बांधलेलं नव्हतं. गोरे शिपाई हिंदुस्थानात लढाईपेक्षा आजारानंच जास्त मरत होते. 1859 मध्ये त्यावर आयोग नेमला गेला, 1863 मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यातला आकडा होता दर हजारी वर्षाला 69 मृत्यू. त्यानंतर हवा खेळेल, ओल येणार नाही, अशा बराकी बांधण्यावर भर आला. पण कोणासाठी? गोऱ्या पलटणींसाठी. देशी शिपायाला झोपडी बांधायला भत्ता मिळायचा आणि आपलं घर त्यानं आपणच उभं करायचं. म्हणून छावणीच्या फोटोत पुढे भक्कम बराक दिसते आणि मागे, लांब, कुडाच्या भिंतींची रांग. फोटो पाहताना मागे पाहा. मागे आणि कडेला.

अजून एक. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत बराकी ओस पडल्यासारख्या वाटतात. त्या ओस नव्हत्या. तेव्हा काचेवर ओलं रसायन लावून फोटो घेत, आणि उजेड काही सेकंद आत घ्यावा लागे. जो हलला तो पुसला गेला. जो साहेबासारखा काठी टेकून स्थिर उभा राहिला तो टिकला. झाडणारा, पाणी भरणारा, घोड्याला चारा घालणारा, म्हणजे ज्याला उभं राहायला सवडच नव्हती, तो फोटोत आलाच नाही. फार तर एक धुरकट रेघ. मला ही गोष्ट फार लागते. कामात असणं हाच ज्याचा गुन्हा, त्याचं तोंड इतिहासात नाही.

आता मी तुम्हाला टाकळीकडच्या एका आजींची गोष्ट सांगते. ही मी कुठेही गेले की सांगते, आज तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

आजींचे सासरे पोलिसात हवालदार. लग्न होऊन आजी लाईनीतच आल्या, लाईनीतच संसार झाला, आणि नंतर मुलानं गिट्टीखदानाकडे घर बांधलं तेव्हा बाकी सामान मागून आलं, फोटो मात्र त्या मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. तीसच्या दशकातला फोटो. पुढे खुर्च्यांवर चार साहेब, मागे दोन ओळींत शिपाई, पट्ट्या बांधलेल्या पिंढऱ्या, डोक्याला पगड्या. त्यांच्या मागे बराकीचा व्हरांडा, वर कवेलूंचं छप्पर. डाव्या हाताला कडुनिंब. फोटोखाली पुठ्ठ्यावर इंग्रजीत नावं छापलेली. किती? चारच. खुर्च्यांवरच्या चौघांची.

त्यांचा नातू कॉलेजात शिकणारा. तो मला ती चार नावं वाचून दाखवत होता. आजी मधेच म्हणाल्या, "अवं बाई, ते साहेब लोकं आले अन् गेले, त्यायले कोन वळखते? तू इकडे पाय." आणि त्यांनी बोट ठेवलं ते फोटोच्या पार डाव्या कडेला. तिथे अर्धा माणूस उभा होता. अर्धा म्हणजे खरोखर अर्धा. एक खांदा, अर्धा चेहरा, एक पाय, आणि खांद्यावरून लोंबणारी कातड्याची मशक. भिस्ती. लाईनीत पाणी भरणारा माणूस.

"हा पुरा होता," आजी म्हणाल्या. "फरेमवाल्यानं कापला."

झालं होतं असं. जुनी चौकट वाळवीनं खाल्ली, म्हणून घरच्यांनी फोटो एका दुकानात दिला. दुकानदाराकडे तयार चौकट होती ती थोडी लहान. त्यानं काय केलं? दोन्ही कडा कापल्या आणि फोटो चौकटीत बसवला. साहेब मधोमध होते, साहेबांना धक्का लागला नाही. भिस्ती कडेला होता, तो अर्धा गेला.

आजींनी त्या भिस्त्याचं नाव सांगितलं, त्याची बायको कुठली ते सांगितलं, त्याची लेकरं पुढे कुठे गेली ते सांगितलं. नाव मी इथे घेत नाही, कारण त्याच्या नातवंडांना विचारल्याशिवाय रेडिओवर नाव घेणं मला बरं वाटत नाही. पण विचार करा, आजींनी त्या माणसाला त्या वयात पाहिलेलंच नव्हतं. फोटो निघाला तेव्हा त्या जन्मल्याही नसतील. मग त्यांना माहीत कसं? तर दरवर्षी दिवाळीच्या आधी घर झाडताना त्यांच्या सासूबाई तो फोटो खाली काढायच्या, पदरानं काच पुसायच्या आणि सुनेला एकेकाचं नाव सांगायच्या. दरवर्षी तीच नावं, त्याच क्रमानं. असं करत करत सुनेला सगळी नावं पाठ झाली. कुठे लिहिलेलं नाही, कुठे छापलेलं नाही.

नातू म्हणाला, आजीला काही आठवत नाही, ती म्हणते पगड्या लाल होत्या, आणि फोटोत तर काळ्याकुट्ट दिसतात, मग त्या काळ्याच असतील ना. श्रोतेहो, आजी बरोबर होत्या. त्या काळातल्या बऱ्याच काचा आणि फिल्मा लाल रंगाला आंधळ्या असायच्या. लाल रंग त्यांना दिसतच नसे, म्हणून तो काळा उमटे. फोटो काळा सांगत असेल आणि म्हातारं माणूस लाल सांगत असेल, तर जरा म्हाताऱ्या माणसाचं ऐका.

हे मी नातवाला सांगितलं, आणि आजींना हुरूप आला. म्हणाल्या, "आता अजून एक दाखवतो. भिंग हाय का तुह्यापाशी?" भिंग होतं. त्यांनी व्हरांड्याच्या दुसऱ्या खांबाशी बोट नेलं. तिथे वाळ्याचा ताट्या लावलेला, म्हणजे गारव्यासाठी पाणी मारून लावायचा वाळ्याचा पडदा. उन्हाळ्याचे दिवस असणार. त्या ताट्याच्या कडेवर, अगदी बारीक, काहीतरी पांढुरकं. नातू म्हणाला, डाग आहे. मी भिंग धरलं. चार बोटं होती. ताट्याची कड धरलेली चार बोटं, आणि मनगटावर जाड कडं.

"आमच्या सासूबाईचा हात हाय थो," आजी म्हणाल्या.

फोटोवाला आला त्या दिवशी लाईनीत हुकूम होता, बायका-लेकरांनी बाहेर यायचं नाही. पण लाईनीत फोटोवाला रोज थोडाच येतो! सासूबाई भाकरी टाकायच्या सोडून ताट्याआड येऊन उभ्या राहिल्या. नवरा कुठे उभा आहे ते पाहायला. तव्यावरची भाकरी करपली, आणि त्यावरून घरात बोलणी बसली ती बसलीच. हे सगळं सासूबाई दर दिवाळीला सुनेला सांगायच्या. त्या बाईचा दुसरा फोटो नाही. एकही नाही. आहे तो हा हात.

आम्ही त्याच दिवशी फोटो चौकटीतून काढला. मागच्या पुठ्ठ्याचे खिळे हलक्या हातानं वाकवले. आजी सांगत गेल्या, नातू लिहीत गेला. मागची ओळ, डावीकडून उजवीकडे. मग पुढची ओळ. मग भिस्ती. आणि सगळ्यात शेवटी, व्हरांड्याच्या दुसऱ्या खांबाशी, ताट्याआड, सासूबाई. तीन-चार शिपायांची नावं आजींनाही सांगता आली नाहीत, तिथे त्यानं जागा मोकळी सोडली.

वेळ थोडा उरला, म्हणून कामाच्या गोष्टी भराभर सांगते. फोटो कापू नका. चौकट लहान असेल तर दुसरी चौकट करा, फोटो लहान करू नका. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही आणि सोडवताना फोटो घेऊन जातं. आणि आपल्या नागपूरकरांसाठी मुद्दाम सांगते, कूलरच्या समोरच्या भिंतीवर जुना फोटो लावू नका. चार महिने त्यावर ओला वारा येतो. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो ओलीनं फुगतो आणि काचेला चिकटतो. चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करून घ्या. कूलरचा विषय निघाला म्हणून सांगते, वाळ्याच्या ताट्याची सर कूलरमधल्या लाकडाच्या भुश्याला नाही. तो वास नाही, तो गारवा नाही, आणि वाळा लावणारी माणसंही आता मोजकी उरली. ते एक वेगळं भाषण होईल.

मोबाईलनं फोटो काढायचा असेल तर सावलीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. पुढची बाजू काढलीत तशी मागचीही काढा. मागे फोटो स्टुडिओचा शिक्का असतो, कधी बदलीचं ठिकाण असतं, कधी नुसता पत्ता असतो. आणि नावं. पुन्हा सांगते, नावं. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेच्या माणसापासून सुरुवात करून.

आणि आता माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. असे ग्रुप फोटो एकच प्रत काढून ठेवत नसत. ज्याला हवी त्यानं पैसे भरायचे आणि प्रत घ्यायची. म्हणजे आजींच्या फोटोतल्या इतर शिपायांच्या घरीही ती प्रत गेली असणार. टाकळीत, गोरेवाड्यात, सदरला, कामठीत, किंवा बदलीनं पुढे भंडारा-चंद्रपूरकडे. आणि ती कोणी कापलेली नसेल. तेव्हा घरी जुना पोलिसांचा फोटो असेल तर नीट पाहा. पुढे चार खुर्च्या. मागे शिपायांच्या दोन ओळी, पगड्या काळ्या दिसतील. कवेलूंचा व्हरांडा, दुसऱ्या खांबाशी वाळ्याचा ताट्या. डावीकडे कडुनिंब, आणि त्या कडुनिंबाखाली, मशक खांद्यावर घेतलेला एक माणूस, पूर्ण. सापडला तर आमच्या केंद्राच्या पत्त्यावर कळवा. फोटो पाठवू नका, टपालात मोडतो, नुसतं पत्र पाठवा. मी स्वतः येईन आणि येताना आजींच्या नातवाला घेऊन येईन, त्याच्याकडे यादी आहे.

नमस्कार.