जून तोगावा: गळा गोड, विषय नको ते

(पडद्यावर: रंगानं बरबटलेला तळहात. तो पुसणारा कागद.)

१९८२ साल. जपानी टीव्हीवर, लोक जेवायला बसलेले असताना, एक मुलगी हाताचा रंग कागदानं पुसतेय. निघत नाही. मग ती साळसूद चेहऱ्यानं सांगते, की ढुंगणाचंही असंच असतं, त्यालाही धुवून हवं असतं. तोतो कंपनीच्या 'वॉशलेट'ची, म्हणजे पाण्यानं धुवून देणाऱ्या कमोडच्या सीटची, ही जाहिरात. ताटावर बसलेल्यांनी तक्रारी केल्या. जन्मभर पाण्यानंच काम भागवणाऱ्या आपल्याला त्यात काय एवढं, असंच वाटणार. पण मुलीकडे बघा. ही जून तोगावा, जपानी गायिका.

(जुन्या बँडवर वाजावा तसा गेर्निकाचा तुकडा.)

त्याच वर्षी 'गेर्निका' या त्रिकुटाची पहिली तबकडी आली. युद्धापूर्वीच्या जपानची गाणी वाटावीत अशा चाली, कोजी उएनोच्या. निर्माता यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी इलेक्ट्रॉनिक बँडचा हारुओमी होसोनो. आणि जून एखाद्या जुन्या नटीसारखी आवाज लावून गातेय. खोटं वाटत नाही, चेष्टाही वाटत नाही. हे तिला कसं जमतं, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

१९८४. 'तामाहिमे-सामा'. महिन्यातून एकदा, घरातल्याच कोंडखोलीत, राजकन्येला झटका येतो. कसला, ते सांगायला नको. आपल्याकडे कावळा शिवायचा आणि बाई कोपऱ्यात बसायची. इथे कोपऱ्यातली बाईच माइक घेऊन उभी राहिली. तेही नाचता येईल अशा चालीवर! मला जपानी येत नाही. शब्द मी नंतर, अर्थ शोधून वाचले. त्याआधी वर्षभर हे गाणं मी निव्वळ मजेचं समजून गुणगुणत होतो.

ती पाठीला किड्याचे पंख लावून स्टेजवर यायची, कधी शाळकरी पोरीचं दप्तर अडकवून. एकाच गाण्यात लहान मुलीचा आवाज, ऑपेराचा खडा सूर आणि मग घसा फाडून किंकाळी. पुढच्याच वर्षी तिनं 'सुकी सुकी दाइसुकी' काढलं. नाव लाडाचं, 'आवडतोस, आवडतोस, फार आवडतोस'. गाणं मात्र प्रियकराला धमकी देणारं.

(दृश्य काळं. फक्त पाखेलबेलचा 'कॅनन'.)

ही जुनी पाश्चात्य चाल ओळखीची आहे. पश्चिमेकडे लग्नात वाजते. तिच्यावर जूननं शब्द बसवले: चांदण्यात पांढरं पडलेलं रान, झाडाच्या मुळाशी उकरलं की रातकिड्यांसारख्या ओरडणाऱ्या सिकाडांचे कोश निघतात, एकामागून एक. तुझा विचार करून करून माझं हे असं झालं, म्हणते ती. किड्याच्या पाठीतून एक देठ उगवतो.

याच गाण्याचं तिनं पंक, म्हणजे धडधडत्या रांगड्या रॉकचं, रूपही केलं. चाल तीच, पण भरधाव, आणि ती ओरडतेय. मी दोन्ही लागोपाठ ऐकतो. आधी संथ, मग पंक. उलट क्रमानं एकदा ऐकलं होतं; त्या रात्री झोप लागली नाही.

(पंख फडफडल्याचा आवाज. पडदा काळाच.)