जास्तीचा अनुस्वार

(पडदा काळा. आधी फक्त आवाज: दातांच्या दवाखान्यात ऐकू येतो तसा, पण चौपट मोठा. मग उजेड.)

हा आवाज पुण्यात धायरीतल्या, पाट्यांची अक्षरं कापणाऱ्या एका गाळ्यातला आहे. वर पत्रा, दाराशी दोन स्कूटर, आणि आत पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत पांढरा भुसा. मे महिन्यातल्या पुण्यात बर्फ पडल्यासारखा. हा भुसा लाकडाचा नाही, प्लॅस्टिकचा आहे. तो पँटला चिकटतो, भुवयांना चिकटतो, आणि झटकायला हात लावला की हातालाही चिकटतो. तीन दिवस चित्रीकरण करून आम्ही घरी गेलो, तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कप्प्यांतूनही तो निघाला.

गाळ्याच्या मधोमध आठ बाय चार फुटांचं टेबल आहे. त्यावर एक पूल मागंपुढं सरकतो आणि पुलावरची मोटर डावीउजवीकडे. मोटरीच्या टोकाला पेन्सिलीएवढं बिट, मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारं. याला सीएनसी राउटर म्हणतात, म्हणजे संगणकाच्या हुकमानं कापणारं मशीन. गाळ्यात सगळे नुसतं 'राउटर' म्हणतात, आणि बिघडला की आणखी काही म्हणतात.

मालकांना आजही सगळे पेंटर म्हणतात. हातात ब्रश धरून त्यांना बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तरुणपणी चुन्यात भिजवलेला दोरा भिंतीवर ताणून सूत मारायचं, त्या रेघेला अक्षरं लटकवायची, इनॅमलनं भरायची, आणि उजवीकडून-खालून काळी शेड मारायची. ती शेड म्हणजे खोटी सावली. अक्षर भिंतीतून वर आल्यासारखं वाटावं म्हणून. मग फ्लेक्स आलं आणि अशा कितीतरी पेंटरांचे हात रिकामे झाले.

"आता सावली खरी पडते," पेंटर म्हणतात. "मला मारायला लागत नाही."

(दृश्य: टेबलावर पांढरी शीट. पेंटर नखानं कड खरवडतात.)

ही पीव्हीसी फोमची शीट. बाजारात कुणी हिला फोमशीट म्हणतं, कुणी सरसकट सनबोर्ड. आठ बाय चारची, तीन मिलिमीटरपासून पुढं वेगवेगळ्या जाडीची. वरची साल कडक आणि गुळगुळीत, पोटात बारीक बुडबुडे. पावाची तुलना सोपी आहे, पण पाव पावसात भिजतो, ही भिजत नाही. वाळवी लागत नाही, पाणी पिऊन फुगत नाही, आणि एका माणसाला उचलून शिडीवर चढता येतं. लाकडी अक्षरांच्या मागं जे काही दुखणं असायचं, ते बहुतेक इथं नाही. उन्हाचं दुखणं मात्र आहे. त्याकडे येऊच.

आजचं काम आहे एका गावच्या वाचनालयाची पाटी. आठ फूट बाय दोन फूट, त्यावर दोन शब्द: सार्वजनिक ग्रंथालय. अक्षरं अठरा मिलिमीटर जाड, शिरोरेषेपासून पायापर्यंत नऊ इंच. डाव्या बाजूला कोरलेलं उघडं पुस्तक.

शब्द दोनच, पण लिपीचे सगळे नखरे त्यांत आहेत. 'र्व'वरचा रफार, 'नि'ची पहिली वेलांटी, 'ग्र'च्या पोटातली तिरपी रेघ आणि त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार.

(दृश्य: संगणकाचा पडदा. अक्षरांच्या बाह्यरेषा.)

संगणकावर पेंटरांचा पुतण्या बसतो. फाँट निवडून झाला की तो अक्षरांच्या बाह्यरेषा करतो, आणि इथं एक गंमत दिसते. पडद्यावर शिरोरेषा अखंड वाटते ना? ती अखंड नसते. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याच्या तुकड्यावर थोडं चढून बसतं. कागदावर छापताना याचं कुणाला काही नसतं. राउटर मात्र आज्ञाधारक आहे. त्याला दिसेल ती रेघ तो कापतो, म्हणजे शिरोरेषेला प्रत्येक जोडावर आडवा छेद. शब्द टेबलावरून उचलायला जावं, तर हातात सुटी अक्षरं.

म्हणून आधी सगळं वेल्ड करायचं. वेल्ड केलं की मधल्या रेघा पुसल्या जातात, आणि 'सार्वजनिक' हा एकच आकार उरतो.

आता शेजारच्या टेबलावर पाहा. तिथं एका हॉटेलची इंग्रजी अक्षरं कापून पडली आहेत. दहा अक्षरं, दहा तुकडे. ती भिंतीवर लावताना कागदी साचा चिकटवून एकेकाला ओळीत उभं करावं लागतं, आणि एखादं तिरकं झालं की ते जन्मभर तिरकंच. मराठी शब्द शिरोरेषेला धरून एका तुकड्यात उचलला जातो. वाळत घातलेल्या धोतरासारखा. पेंटरांना हे इतकं आवडतं, की नवीन पाहुण्याला ते मुद्दाम एक शब्द हातात देतात.

पण त्या शिरोरेषेला काय धरलेलं नाही, ते विचारा.

अनुस्वार. विसर्ग. ज्याचा शिरोरेषेशी संबंध नाही असा प्रत्येक ठिपका. राउटर तो गोल फिरून कापतो, शेवटच्या फेरीत ठिपका सुटतो, बिटाला लागून उडतो आणि भुश्यात बुडतो. पांढरा ठिपका, पांढरा भुसा. भुसा ओढणारा पाइप जवळ असला, तर थेट पोत्यात.

मागे एकदा एका शाळेचं काम होतं: 'रंगमंच'. दोन अनुस्वारांपैकी एक असाच गेला. गडबडीत कुणी मोजलं नाही आणि पाटी लागली, 'रंगमच'. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी ते भाषणात सांगितलं. पेंटर पहिल्याच रांगेत बसले होते. त्या दिवसापासून नियम असा, की अनुस्वार एक लागत असेल तर तीन कापायचे.

(दृश्य: बिट शीटमध्ये उतरतं. पांढरी फरफर.)

कापायचा क्रम ठरलेला असतो. आधी पोटं, मग बाहेर. 'व'चं पोट, 'क'चं पोट, 'थ'ची गाठ ही भोकं अगोदर, कारण बाहेरची रेघ पूर्ण झाली की तुकडा मोकळा होतो आणि मोकळा तुकडा हलतो. अठरा मिलिमीटर एकदम नाही कापायचे. सहा, सहा आणि सहा, असे तीन थर. शेवटच्या थरात चार-पाच ठिकाणी नखाएवढे न कापलेले टाके शिल्लक ठेवायचे. ते नंतर कटरनं तोडता येतात.

बिट कुठं रेंगाळता कामा नये. सावकाश चाललं तर घर्षणानं प्लॅस्टिक वितळतं, बिटाला गुंडाळतं, आणि कापलेली रेघ मागं पुन्हा चिकटून बसते. भुसा सुटा, कोरडा निघाला म्हणजे वेग बरोबर. पुतण्या पडद्याकडे बघतच नाही, चिमटीत भुसा घेऊन बघतो.

मग लेझरनं का नाही कापत? शेजारच्या गाळ्यात लेझर आहे, त्यावर ॲक्रिलिक सुंदर कापलं जातं. पण पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. घशाला लागतो आणि मशीनचं लोखंड खातो. ही शीट घेऊन तिकडं गेलात, तर शेजारी दारातूनच परत पाठवेल आणि त्याचं बरोबरच असेल.

(मोटरीचा आवाज अचानक खाली येतो. अंधार.)

लाइट गेली. आज गुरुवार आहे, पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा वार, हे आम्ही विसरलो होतो, पेंटरांनी आठवण ठेवायला हवी होती. मशीन जिथं थांबलं तिथं थांबलं, पण आपण कुठं आहोत हे विसरलं. लाइट आली की त्याला पुन्हा शून्यावर आणायचं. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी 'ज'च्या पोटात पायरी पडते.

लाइट येईपर्यंत चहा, आणि चहाबरोबर कायद्याच्या गोष्टी.

2022 मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असं ठरलं. व्यापारी कोर्टात गेले. 25 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळीच्या तोंडावर शहरभर पाट्यांची घाई उडाली. ज्यांना मुदत गाठायची होती त्यांनी फ्लेक्स लावलं. ज्यांना पाटी राहायला हवी होती, ते अशा गाळ्यांकडे वळले.

पेंटरांची तक्रार कायद्याबद्दल नाही, मोजमापाबद्दल आहे. "लहान नको म्हणजे कुठून कुठं मोजायचं?" ते चहाच्या कपाच्या कडेवर बोट ठेवतात. इंग्रजी मोठी लिपी म्हणजे एका उंचीचे ठोकळे, पट्टीत वरपासून खालपर्यंत बसतात. मराठीला डोक्यावर वेलांटी हवी, पायाखाली उकार हवा. दोन फुटांच्या पट्टीत त्या दोघांना जागा दिली की मधल्या अक्षराला फूटभरच उरतं. मालक टेप लावून म्हणतो, दोन्ही सारखी आहेत की! रस्त्यावरून पाहिलं, तर मराठी बारीक दिसते. आमच्या मते पेंटरांचं म्हणणं खरं आहे. शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजा, मग बोला.

(लाइट येते. मोटर पुन्हा चढत्या सुरात.)

शब्द निघाले. आता हातांचं काम, आणि इथं पेंटर खुर्चीतून उठतात.

सहा मिलिमीटर जाडीचं बिट आतल्या कोपऱ्यात गेलं, की तीन मिलिमीटरची गोलाई मागं ठेवतं. गोल वस्तू टोकदार कोपरा कापू शकत नाही, त्याला इलाज नाही. 'न'चा दांडा शिरोरेषेला मिळतो तिथं असा मऊ कोपरा राहिला, तर अक्षर साबणाचं वाटतं. पेंटर अर्ध्या इंचाची पटाशी घेतात. एक दाब वरून, एक बाजूनं, आणि कोपऱ्यातून करंगळीच्या नखाएवढी चकती निघते. पुढचा कोपरा. दोन शब्दांत असे किती कोपरे? आम्ही मोजत होतो. तिसाव्याला त्यांनी आम्हाला रंगाचा डबा आणायला पाठवलं.

रफाराला ते हात लावत नाहीत, फुंकर मारतात. तो शिरोरेषेला बोटभर मानेवर उभा असतो. घासताना जोर लागला, तर पहिला तोच मोडतो.

पुस्तकाचं चित्र वेगळ्या तऱ्हेनं होतं. गोल टोकाचं बिट, आणि नांगरट करावी तशा शेजारी शेजारी बारीक रेघा. खोल, उथळ, खोल. वीतभर पुस्तकाला दीड तास. पानांचा फुगवटा बरोबर येतो, पण शीटची साल गेल्यामुळं पोटातले बुडबुडे उघडे पडतात. प्रायमर, घासणं, पुन्हा प्रायमर, आणखी बारीक पॉलिश पेपर, मगच रंग. अमेरिकेत असल्या कोरीव पाट्यांसाठी दुसराच फोम वापरतात, हाय-डेन्सिटी युरेथेन. रेडवुड आणि सीडर लाकडाच्या जागी तो आला. घनफुटाला पंधरा-अठरा पौंड वजनाचा, आत-बाहेर सारखाच, लाकडासारखे रेषे नसल्यामुळं पटाशी कुठल्याही दिशेनं चालते. वर सोन्याचा वर्खही चढवतात. आपल्याकडच्या गाळ्यांत तो क्वचितच दिसतो. पेंटरांनी त्याचा एक तुकडा नमुना म्हणून जपून ठेवलाय, आणि तो कुणाला कोरू देत नाहीत.

(दृश्य: टेम्पो. गोधडीत गुंडाळलेले दोन शब्द.)

गावात दुपारी बाराला पोचलो. पाटी दक्षिणेच्या भिंतीवर, म्हणजे आता ते उन्हाचं दुखणं.

पीव्हीसी तापलं की वाढतं. पहाटेच्या थंडीतून वैशाखाच्या उन्हात येईपर्यंत 'सार्वजनिक' हा पावणेचार फुटांचा शब्द तीनेक मिलिमीटर लांब होतो. शिरोरेषेची दोन्ही टोकं आवळून टाकली, तर वाढायला जागा नाही, मग मध्ये पोट सुटतं. शब्द एकसंध असण्याची ही किंमत. म्हणून पेंटर मधला स्क्रू घट्ट करतात आणि टोकांची भोकं लांबट ठेवतात. ग्रंथपाल बाईंना अक्षरं काळी हवी होती. पेंटर म्हणाले, "बाई, काळं ऊन पितं." विटकरीवर तडजोड झाली.

स्क्रूसाठी भिंतीत गिट्ट्या ठोकल्या, पाटी चढली. पेंटर रस्ता ओलांडून समोरच्या पारावर जाऊन बसले. पाण्याची पातळी दाखवणारी नळी आधीच लावून झाली होती, तरी ते डोळ्यानं बघतात. इंग्रजी ओळ थोडी कलली तर लवकर कळत नाही, शिरोरेषा मात्र लगेच चुगली करते.

"डावीकडे एक दोरा वर घे."

घेतला. ऊन डोक्यावर होतं. शिरोरेषेची सावली खाली पाटीवर पडली आणि रेघ दुप्पट जाड दिसायला लागली. अठराऐवजी तीस मिलिमीटर जाडी घेतली असती, तर या वेळेला 'व' आणि 'क'ची पोटं सावलीनं भरून गेली असती. ग्रंथालयाच्या समितीला तीसच हवे होते, जास्त उठून दिसावं म्हणून.

सगळ्यात शेवटी अनुस्वार. तोवर पाटीवर 'सार्वजनिक ग्रथालय' होतं, आणि शाळा सुटलेली दोन पोरं खाली उभी राहून ते मोठ्यानं वाचत होती.

"काका, चुकलंय!"

"थांब रे, येतोय."

पुतण्यानं खिशातून ठिपका काढला. मागं गोंदाचा थेंब, मधून एक बारीक स्क्रू, वर पुट्टीचं बोट. पोरांनी पुन्हा वाचलं आणि निघून गेली.

(दृश्य: संध्याकाळ. गाळा. फडताळावर श्रीखंडाचा जुना डबा.)

तीन कापले होते. एक राउटरनं उडवला, एक ग्रंथालयावर लागला. तिसरा पुतण्याच्या खिशात होता. त्यानं डब्याचं झाकण काढलं. आत लाल, पांढरे, सोनेरी, निळे, अर्ध्या इंचापासून वाटीएवढे, कुठल्या कुठल्या दुकानांचे उरलेले अनुस्वार. विटकरी ठिपका वर पडला. त्यानं झाकण लावलं आणि झाडू घेतला.