माहेरचा रकाना

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय ‘विकसनशील देशांतील स्थानिक मालकीच्या आरोग्य माहिती प्रणाली’ असा छापला आहे. एवढे भारदस्त नाव वाचूनही आपण आलात, त्याबद्दल आधी आभार. विषय तसा साधा आहे. उपकेंद्रातल्या परिचारिकेने लिहिलेली नोंद पुढे कुठे जाते, ती कोण वाचते, आणि काय नोंदवायचे हे ठरवते कोण? मी तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ घेणार आहे. घोडे अडते ते तिथेच.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करू. १९९४ साली मंडेलांचे सरकार आले, तेव्हा वर्णद्वेषी राजवटीने मागे ठेवलेली चौदा वेगवेगळी आरोग्य खाती त्यांच्या पदरात पडली. प्रत्येकाचे फॉर्म निराळे, व्याख्या निराळ्या. एका खात्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात मिळवायचीही सोय नव्हती. केप टाऊनमध्ये तिथले आरोग्य कार्यकर्ते, विद्यापीठातली मंडळी आणि नॉर्वेच्या ऑस्लो विद्यापीठातले संशोधक एकत्र बसले. मला त्यांचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी, की त्यांनी संगणकाला हात लावण्याआधी फॉर्म छाटायला घेतले. नियम सोपा होता. देशाला लागणारे मोजके आकडे सगळ्यांनी द्यायचे. त्यापलीकडे प्रांताने, जिल्ह्याने, दवाखान्याने आपापल्या गरजेचे रकाने खुशाल जोडावेत, पण ते वरच्या पातळीवर लादू नयेत. मग मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर एक साधे सॉफ्टवेअर तयार झाले. त्याचे नाव डीएचआयएस, म्हणजे जिल्हा आरोग्य माहिती प्रणाली. नावातच जिल्हा आहे, राजधानी नाही.

पुढे त्याची इंटरनेटवर चालणारी आवृत्ती आली, डीएचआयएस-२. ती सर्वात आधी २००६ साली आपल्या केरळात वापरात आली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज सत्तरहून अधिक देश ती वापरतात. परवान्याचे पैसे नाहीत, आणि आतला कोड कोणीही उघडून बघावा, बदलावा.

फुकट आहे म्हटल्यावर आपले कान टवकारतात! पण फुकट मिळते ते सॉफ्टवेअर. ते चालवणारी, बिघडले तर रात्री अकरा वाजता दुरुस्त करणारी माणसे फुकट मिळत नाहीत. आफ्रिकेत हा धडा महाग पडला. देणगीदार संस्था यायच्या, दोन-तीन तालुक्यांत मोबाइलवरचा प्रयोग करायच्या, अहवाल छापायच्या आणि निधी संपला की गाशा गुंडाळायच्या. युगांडात अशा प्रयोगांचा इतका सुळसुळाट झाला, की २०१२ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने फर्मानच काढले: आमच्या परवानगीशिवाय नवा प्रयोग नको. मदत घेणाऱ्या देशाने मदत देणाऱ्याला ‘थांबा’ म्हणायला धाडस लागते.

आता मालकी म्हणजे काय, हे गोव्यात समजावून सांगायला मला फार कष्ट पडणार नाहीत. आपल्याकडे भाटकार-मुंडकार माहीत नाही असा माणूस नाही. घर मुंडकाराने बांधायचे, दरवर्षी शाकारायचे, पण जमीन भाटकाराची. कुठल्याही दिवशी ‘ऊठ’ म्हटले की उठायचे. म्हणून तर १९७५ साली मुंडकार संरक्षणाचा कायदा करावा लागला. सरकारी इस्पितळे संगणक प्रणाली विकत घेतात तेव्हा बहुतेक वेळा मुंडकार होतात. नोंदी आपल्या, त्या भरण्याची मेहनत आपल्या नर्सची, आणि डेटाबेसचा पासवर्ड कंत्राटदाराकडे. मी नाव घेत नाही, पण एका इस्पितळात कंत्राट संपल्यावर जुन्या रुग्णांच्या नोंदी मागितल्या, तर पीडीएफचे गठ्ठे हातात आले. त्यांतून मोजता काही येत नाही, फक्त छापता येते. तेव्हा निविदा काढताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा: उद्या तुम्ही गेलात, तर आमच्या नोंदी आम्हाला कुठल्या स्वरूपात परत देणार?

पण हीसुद्धा अर्धीच मालकी झाली. उरलेली अर्धी मला सत्तरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात दिसली.

तिथल्या परिचारिकेचे गरोदर मातांचे रजिस्टर मी चाळत होतो. छापील रकाने संपले, त्यापुढच्या कोऱ्या समासात तिने पट्टी लावून बॉलपेनने एक रकाना आखला होता. वर लिहिले होते ‘माहेर’. खाली गावे: खानापूर, दोडामार्ग, सांगे, कुडाळ. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, “सातव्या महिन्यानंतर पहिलटकरीण माहेरी जाते. इथे पुढची तपासणी झाली नाही, म्हणून संगणकात ती लाल दिसते. वरून फोन येतो, बाई कुठे गेली? म्हणून मी आधीच लिहून ठेवते.” संगणकाच्या लेखी ती बाई तपासणी सोडलेली, बेपत्ता. आणि प्रत्यक्षात आईच्या हातचे डिंकाचे लाडू खात बसलेली.

आता बघा, हा रकाना दिल्लीत कोणाला सुचणार? सुचायची अपेक्षाही नाही. पण त्या परिचारिकेला तो प्रणालीत जोडता आला पाहिजे. माहेरच्या गावाचे नाव आत गेले, की तिकडच्या उपकेंद्राला निरोप जाऊ शकतो: अमकी बाई येते आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, लक्ष असू द्या. आज हे ज्ञान बॉलपेनच्या रकान्यात पडून आहे. वहीचे पान संपले की तेही संपते.

दिल्लीचा दोष मी उगीच काढत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले, त्याचे माहितीचे पोर्टल २००८ मध्ये आले, आणि पूर्वी कधी जमले नव्हते तेवढे आकडे गोळा झाले. पण त्या अभियानाचा कणा म्हणजे आशा स्वयंसेविका, आणि आशा योजना देशभर राबवताना एक राज्य बाहेर राहिले, ते आपले गोवा. इथे घरोघरचे काम परिचारिका आणि आरोग्य सेवक करतात, अंगणवाडी सेविकेची मदत होते. आशा गृहीत धरून आखलेल्या फॉर्मवर आपण काय लिहायचे? शून्य. आणि शून्य बघून वरच्याला वाटते, गोव्यात काम ढिले आहे.

दुसरी गंमत टक्केवारीची. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, सिंधुदुर्गचे, कारवारचे रुग्ण येतात. बाळंतपण इथे मोजले, आणि भागायला मात्र फक्त गोव्यातल्या गरोदर बायकांचा आकडा घेतला, तर टक्केवारी फुगते; तिकडे सिंधुदुर्गची खाली येते. भागाकार बरोबर, आणि उत्तर निरुपयोगी.

झांझिबारमध्ये असल्या चुका कशा पकडल्या, ते ऐकण्यासारखे आहे. तिथे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आरोग्य पथकांना दर तिमाहीला एकत्र बसवत. प्रत्येक पथकाने आपलेच आकडे इतरांसमोर मांडायचे, आणि इतरांनी फाडून खायचे. लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर दाखवलेत, ही जादा मुले कुठून आणलीत? साहेबाने झापण्यापेक्षा शेजारच्या तालुक्यातल्या बरोबरीच्या माणसाने असे विचारलेले जास्त झोंबते. त्या बैठकांतून नोंदींचा दर्जा सुधारला, आणि बिनकामाचे रकाने गळाले. याला लागते काय? एक खोली, एक प्रोजेक्टर आणि तिखट जिभेची चार माणसे. गोव्यात तिसऱ्या गोष्टीची टंचाई नाही.

श्रीलंकेचे उदाहरण तर मला फारच आवडते. तिथे कोलंबो विद्यापीठाने आधी बरीच वर्षे डॉक्टरांनाच आरोग्य माहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले होते. जानेवारी २०२० मध्ये कोविडची चाहूल लागताच स्थानिक चमूने परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या पाठपुराव्यासाठी डीएचआयएस-२ वर प्रणाली उभी केली. ती दुसऱ्या देशांनी उचलली. पुढे नॉर्वेतल्या नगरपालिकांनीही संपर्क शोधासाठी हेच सॉफ्टवेअर वापरले. ज्या देशाच्या पैशावर हे सगळे सुरू झाले, त्याला दक्षिणेतल्या लोकांनी घडवलेले हत्यार कामी आले! कोलंबोत ती माणसे आधीपासून नसती, तर निविदा काढण्यातच पहिली लाट निघून गेली असती.

आपल्याकडे असे काम हाताशी आहे, ते माकडतापाचे. २०१५ पासून सत्तरीत हा आजार आहे. गोचिडीतून तो माणसाला होतो, आणि त्याचा हंगाम काजूच्या हंगामावर येऊन पडतो. लोक नेमके तेव्हाच बागायतीत आणि रानात असतात. जंगलात माकड मरून पडले, तर ती पहिली घंटा. पण मेलेल्या माकडाची खबर वन खात्याकडे, तपासणी पशुवैद्यकाकडे, आणि तापाचा रुग्ण आरोग्य केंद्रात. तीन खाती, तीन वह्या. माकड कुठल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या कुठल्या वस्तीवर, मेले आणि ताप कुठल्या वाड्यावर आला, हे एकाच नकाशावर दिसले पाहिजे. ‘वाडा’ म्हणतो आहे, गाव नव्हे. सत्तरीत एका गावाचे दोन वाडे कोसभर लांब असू शकतात.

(नंतरच्या प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारले, की आता प्रत्येकाला ‘आभा’ हा आरोग्य ओळख क्रमांक मिळतो, मग हे सगळे आपोआप सुटणार नाही का?)

चांगला प्रश्न आहे. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर आले, आणि हा क्रमांक उपयोगाचा आहे. समोरचा रुग्ण तोच, एवढे तो सांगतो. रुग्णाच्या संमतीने जुने कागद एका जागी आणता येतात. पण समजा, सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातला माणूस माकडताप घेऊन बांबोळीत दाखल झाला. क्रमांकावरून तो कोण ते कळेल. त्याच्या वाड्यावर दोन दिवसांत कोणी जाऊन आणखी कोणाला ताप आहे का ते बघायचे, हे क्रमांक ठरवत नाही. त्यासाठी गोमेकॉच्या प्रणालीत त्याच्या वाड्याचे नाव तिकडच्या आरोग्य केंद्राला ओळखता येईल असे लिहिलेले हवे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांची एक सामाईक यादी हवी, स्पेलिंगसकट. ती कुठल्याही कंपनीला करता येणार नाही. सत्तरीतल्या वाळपईचे आणि दोडामार्गचे आरोग्य सेवक एका दुपारी बसले तर होईल. त्यांनी वेळ काढावा, चहाभज्यांचे मी बघतो.